स्वतःशीच स्पर्धा करण्याचे खात्रीशीर उपाय

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करून टाका, "माझी स्पर्धा फक्त माझ्याशी आहे." नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे मुंबई मॅरेथॉनच्या तयारीच्या दिवसांत, हे वाक्य ऑफिसात, सासुरवाडीला, लिफ्टमध्ये, फिजिओकडे, कुठेही लागू शकतं, त्यामुळे तोंडात बसलेलं बरं. फक्त म्हणताना नजर बंड्याकडे जाऊ द्यायची नाही. बंड्या म्हणजे रनिंग ग्रुपमधला तो मित्र, जो गेल्या वर्षी मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला (एकवीस किलोमीटरवाली) तुमच्या दीड मिनिट आधी पोचला आणि वर फिनिश लाइनच्या पलीकडे तुमच्यासाठी संत्रं सोलून उभा होता. असा एक प्रत्येक ग्रुपात असतो. तुमच्या ग्रुपात तो कोण हे पटकन सुचत नसेल तर शक्यता अशी आहे की तो तुम्हीच आहात.

आता थंडी. मुंबईत विंटर ट्रेनिंग करायचं तर आधी विंटर आहे असं मानायला शिकावं लागतं. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला पारा ७.४ डिग्रीपर्यंत उतरला होता, त्या आठवणीवर आपण आजवर स्वेटर विकत घेतोय, बाकी पंख्याचा रेग्युलेटर पाचावरून तीनावर आला की झाली थंडी. पहाटे पाचला शिवाजी पार्कला जाऊन बघा, कट्ट्यावर कानटोपी-मफलर घालून आजोबा बसलेत आणि त्यांच्यासमोरून आपण घामाने थबथबलेले चाललोय, दोघांचं हवामान एकच. तरीही तुम्ही हातमोजे घ्या, विंडचीटर घ्या, ते दंडापर्यंतचे स्लीव्ह्ज तर घ्याच, कारण बॉस्टन आणि बर्लिन मॅरेथॉनच्या फोटोत सगळ्यांनी घातलेले असतात आणि बंड्याकडे अजून नाहीयेत. दुसऱ्या फेरीला काढून कंबरेला बांधायचे, मग वीसेक किलोमीटर तो बोळा सांभाळत पळायचं.

हवेचं काय, असं कोणीतरी विचारणारच. तर थंडीत मुंबईत वारा पडतो, जमिनीलगत गार हवा आणि तिच्यावर गरम हवेचा थर असा उलटा प्रकार होतो, त्यामुळे धूळ-धूर वर जायचं नाव घेत नाही आणि पहाटे सगळा ऐवज नाकासमोर तरंगत असतो, म्हणजे बरोब्बर त्याच वेळेला, जेव्हा आपण "फ्रेश एअर" म्हणून छाती भरभरून तो आत घेतो. यावर उपाय सोपा आहे. उठल्याउठल्या एक्यूआयचं ॲप उघडायचं, लाल आकडा दिसला की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकायचा, खाली लिहायचं "गाइज, आज स्किप करूया का, हेल्थ फर्स्ट", आणि बंड्याने "हो यार, मी पण झोपतो" लिहिलं की लगेच बूट घालून बाहेर पडायचं. पार्कच्या कोपऱ्यावर तो भेटेलच.

बुटांचा विषय निघालाच आहे तर कंजुषी करू नका. कार्बन प्लेटवाले घ्या, वीसेक हजार जातील, जाऊ देत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिला अनवाणी पळाला आणि अख्खी मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं १६ सेकंदात संपवून गोल्ड घेऊन गेला, पण त्याला काय, त्याला हाफ २ तास १५ मिनिटांत संपवायची नव्हती, तुम्हाला संपवायचीय. घरी किंमत सांगताना मात्र एक शून्य कमी सांगायचं आणि जुना जोड फेकायचा नाही, दारात दोन्ही ठेवायचे, म्हणजे नवीन कुठला यावर वाद होत नाही. तळवे कुरिअर आल्यापासून आठवड्याभरात मळवून ठेवावेत.

ज्ञानही थोडं लागतं. मॅरेथॉनचा ४२.१९५ किलोमीटर हा विचित्र आकडा कुठून आला हे चहाच्या टपरीवर कोणी न विचारता सांगायचं, की १९०८ ला लंडनमध्ये विंडसर कॅसलपासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या बैठकीपर्यंत अंतर भरलं तेवढं, आणि १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. केनियाच्या किपचोगेची व्हिएन्नाच्या मॅरेथॉनची १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद तोंडपाठ पाहिजेत, २०१९, अधिकृत विक्रम धरत नाहीत हेही जोडायचं, इम्प्रेशन पडतं. शिवनाथ सिंगचं नाव मात्र काढू नका. १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटांत मॅरेथॉन पळालेला हा आपलाच माणूस, त्याचा तो भारतीय विक्रम पुढे कित्येक दशकं कोणाला मोडता आला नाही, पण ग्रुपात त्याचं नाव घेतलं की पाच जण विचारतात "कुठल्या ग्रुपचा?" आणि मग आपल्यालाच वाईट वाटतं. तसंच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येऊन येऊन शेवटी स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ ला रिओच्या फायनलमध्ये पळाली, तिच्याबद्दल बोलायला लागलात तर कोणीतरी नक्की विचारेल की ती एनर्जी जेल कुठलं घ्यायची.

आता मुख्य भाग, म्हणजे बंड्यासमोर ट्रेनिंग कसं करायचं नाही आणि त्याच्या पाठीमागे कसं करायचं. संडे लाँग रनला सगळे भेटतात, कोणी मरीन ड्राइव्हला, कोणी नॅशनल पार्कात, नवी मुंबईवाले पाम बीचला. इथे नियम असा की सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपापली तक्रार नोंदवायची. गुडघा, टाच, आयटी बँड, रात्री पोराला ताप, काल क्लायंट कॉल दीडपर्यंत. तुमची बारी आली की म्हणायचं, "मी आज एकदम इझी, तुम्ही व्हा पुढे." हे ऐकून बंड्याही म्हणेल, "मी पण इझी." मग दोघांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, नाकाने श्वास घेतोय असं दाखवत, गप्पा मारत पळायचं, आणि गप्पा मारताना दम लागत नाहीये हे सिद्ध करायला वाक्यं लांब करायची. नरिमन पॉइंटपासून चौपाटीकडे जाताना पहिला अर्धा किलोमीटर मुलांच्या ॲडमिशनवर जातो. दुसऱ्या फेरीपर्यंत फक्त "हो ना" उरतं. तिसऱ्या फेरीला दोघंही इझीच्या नावाखाली रेस पेसने चाललेले असतात, कोणीच काही बोलत नाही, आणि मागून येणारी कॉलेजची एखादी मुलगी कानात गाणी ऐकत दोघांनाही ओलांडून जाते. तिच्याकडे दुर्लक्ष करायचं. आपली स्पर्धा तिच्याशी नाहीये. स्वतःशी आहे.

खरं ट्रेनिंग बुधवारी. स्ट्राव्हा या रन नोंदवायच्या ॲपला प्रायव्हसी सेटिंग दिलंय ते यासाठीच, इंटरव्हल आणि चढाचे रिपीट "ओन्ली यू" करून टाकायचे, रविवारचा संथ रन तेवढा सगळ्यांना दिसू द्यायचा आणि त्याला नाव द्यायचं "जस्ट फॉर द लव्ह ऑफ इट". बंड्या हेच करतोय का ते कळायला थोडी हेरगिरी लागेल. तो ठाण्याचा असला तर येऊरला चढ मारत असणार, तुमच्या ओळखीचा कोणीतरी तिकडे वॉकला जातोच. त्याच्या रनला कुडोज (तिथलं लाइक) देताना पण डोकं वापरा, पहाटे सव्वासहाला अपलोड आणि सहा सोळाला तुमचं कुडोज असं झालं तर तुम्ही वाट बघत बसला होतात हे कळतं. दुपारी जेवणानंतर द्यायचं, सहज, अगदी नाइलाजाने दिसल्यासारखं. आणि घड्याळ पॉज करायची कला शिकून घ्या. सिग्नलला पॉज, पाणी पिताना पॉज, कुत्रं मागे लागलं की पॉज नाही, तेव्हा पेस चांगला येतो.

रन झाल्यावर खाणं. सत्तर किलोचा माणूस दहा किलोमीटर पळाला तर साधारण सातशे कॅलरी जातात, म्हणजे माटुंग्याला इडली, वडा, उपमा, पायनॅपल शिरा आणि दोन कॉफ्या एवढं काही त्यात बसत नाही, पण बिल सात जणांत भागतं तशा कॅलरीही भागत असणार असं समजून चालायचं. बंड्या फक्त इडली आणि ब्लॅक कॉफी घेईल. त्याच्या ताटात एक मेदूवडा सरकवणं हे ट्रेनिंगचाच भाग आहे.

डिसेंबर अवघड जातो हे कबूल. वसई-विरार मॅरेथॉन होते, लग्नसराई असते, थर्टी फर्स्ट येतो, गावाकडून डिंकाचे लाडू येतात आणि काकू विचारतात, "पळून पळून किती वाळलास रे, कोणी मागे लागलंय का?" या सगळ्यांना हो म्हणावं. जानेवारीत मात्र पंचांगच आपल्या बाजूने आहे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे ती १५ ते २१ च्या मधेच पडणार, आणि संक्रांत १४-१५ ला, म्हणजे जगभरात लोक कार्ब लोडिंगसाठी पास्ता उकडत बसतात तेव्हा आपल्याकडे त्याच आठवड्यात गुळपोळी असते आणि ती पण तुपासकट. शास्त्रच आहे ते. बंड्याकडे तिळगूळ द्यायला स्वतः जा. डबा मोठा न्या. गोड बोला.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला बीकेसीला आदल्या दिवशी जायचं, त्याच्या आधी नाही, कारण आदल्या दिवशी पायांना विश्रांती द्यायची असते आणि तिथे स्टॉलवर स्टॉल बघत तीन-चार तास सहज उभं राहता येतं. भिंतीवर हजारो नावांत आपलं नाव शोधायचं, त्यावर बोट ठेवून फोटो काढायचा. बंड्याचं नाव दिसलं तर त्याचाही काढून त्याला पाठवा, खाली लिहा "लेट्स एंजॉय इट भावा, नो टायमिंग प्रेशर".

रेसच्या दिवशी अडीचला उठायचं. घरात दिवा लावायचा नाही, सेफ्टी पिना अंधारात शोधायच्या, सापडत नाहीत, मग लावायचाच. पहाटेच्या स्पेशल लोकलमध्ये सगळा डबा रनर्सचा, मूव्ह आणि व्होलिनीचा वास इतका की एखादा कोळी मासे घेऊन चढला असता तर त्यानेच नाकाला रुमाल लावला असता. माहीमच्या रेतीबंदरला, हाफच्या स्टार्टला, पोचलात की टॉयलेटच्या रांगेत उभे राहा, गरज असो नसो, कारण बंड्या तिथेच भेटतो आणि शेवटचं खोटं तिथेच बोलायचं असतं: "सब-टू बिब-टू काही नाही रे, फिनिश झालं तरी खूप." सब-टूला, म्हणजे दोन तासांच्या आत हाफ संपवायला, किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात हे तुमच्या मनगटावर बॉलपेनने लिहिलेलं असतं, ती बाही जरा खाली ओढा.

सी लिंकवर फोटो काढू नका असं मी सांगणार नाही. एरवी तिथे पायी जायला बंदी, वर्षातून एकदा तो साडेपाच किलोमीटरचा पूल आपल्या पायाखाली येतो, तोही एंट्री फी भरून. सगळे काढतात. बंड्या पण काढेल, आणि तेव्हाच त्याला मागे टाकायचं. वरळीला ढोल-ताशे असले की छाती पुढे काढून पळायचं, कॅमेरे असतात. हाजी अलीपर्यंत सगळेच हिरो असतात.

पेडर रोडच्या चढाला माणूस कळतो. फुल मॅरेथॉनवाल्यांचा तर तिथे परतीचा चढ ३५ किलोमीटरनंतर येतो, त्यांच्यापुढे आपण गप्प बसावं. दोन्ही बाजूंच्या बिल्डिंगमधले लोक सकाळी सकाळी खाली उतरून चिक्की, केळी, संत्री, मीठ लावलेले बटाटे घेऊन उभे असतात, एक मावशी कायम म्हणतात "बस, आता थोडंच राहिलं", मागच्या वर्षी पण त्यांनी हेच सांगितलं होतं आणि थोडं राहिलेलं नव्हतं. आणि समजा इथेच, चढाच्या मध्यावर, बंड्या तुम्हाला फुटपाथला टेकून पोटरी धरून बसलेला दिसला, क्रॅम्प, तोंड वाकडं, तर काय करायचं? ही संधी वर्षानुवर्षं येत नाही त्यामुळे नीट वाचा.

थांबायचं. अजिबात विचार न करता थांबायचं, घड्याळही पॉज करू नका. वेळ मोजणाऱ्या चिपला तसाही पॉज कळत नाही. त्याचा पाय हातात घ्यायचा, पंजा वर दाबायचा, व्हॉलंटियरला हाक मारून स्प्रे मागवायचा, आपल्याकडचं मिठाचं पाकीट त्याला द्यायचं, आणि हे सगळं शक्य तितक्या लोकांसमोर करायचं, एखादा रेस फोटोग्राफर समोर असेल तर पंजा जरा जास्त वेळ दाबून धरायचा. "तू जा यार, तुझा टाइम जाईल," असं तो म्हणेल. "टाइम गेला खड्ड्यात," असं तुम्ही म्हणायचं, मोठ्याने. दोन-अडीच मिनिटांनी तो उठेल, लंगडत चालेल, केम्प्स कॉर्नरच्या उताराला पळायला लागेल आणि मरीन ड्राइव्हला तुमचे पाय संपलेले असताना "चल चल चल" करत तुमच्यासमोरून निघून जाईल, हेही होणार, होऊ द्या. चाळीस सेकंदांनी हरलात तरी काही बिघडत नाही. त्याच्या वाढदिवसाला, त्याच्या पोराच्या मुंजी-बारशाला, त्याने पुढे कधी बर्लिनला जाऊन सब-टू काय सब-वन-फिफ्टी केली तरी त्या पार्टीला, हातात ग्लास घेऊन फक्त इतकं विचारायचं, "काय रे, पोटरी कशी आहे आता?"