मावशीचं काहीच गेलं नाही?

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझ्या मावशीच्या पॅन कार्डावर भलत्याच कुणीतरी तीन ॲपवरून कर्जं उचलली, त्याबद्दल मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की कायदा आहे, तीन वर्षांची शिक्षा आहे, मावशीचा एक रुपयाही गेलेला नाही आणि तरी मी खून-दरोड्यांच्या मागे असलेल्या पोलिसांना बोल लावते. तुम्ही स्वतः पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आहात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक. ‘याला कायद्यात शिक्षाच नाही’ हे मी लिहिलेलं वाक्य साफ चुकीचं होतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-सी आलं. दुसऱ्याचा पासवर्ड, ई-सही किंवा ओळख पटवणारी कुठलीही खूण लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ते वाक्य मी बदललं आहे.

पण त्याच कायद्याचं ७७-बी बघा. तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा म्हणून हा जामीनपात्र. मोटारसायकल चोरली तरी पहिल्या खेपेला शिक्षा तीन वर्षांपर्यंतच, पण ती चोरी अजामीनपात्र. म्हणजे गाडी चोरणाऱ्याला जामिनासाठी कोर्टापुढे उभं राहावं लागतं, आणि नाव चोरणाऱ्याला तो हक्काने मिळतो. फसवणुकीची, बनावट दस्तऐवजाची कलमं लावली की चित्र बदलतं, हे तुम्ही म्हणालच. पण फसवणूक कोणाची झाली, इथेच तर आमचं घोडं अडलं.

पोलीस ठाण्यात आम्हाला सांगितलं, “पैसे कर्ज देणाऱ्या कंपनीचे गेले ना? मग कंपनीला येऊ द्या फिर्याद द्यायला.” कंपनीकडे गेलो तर त्यांच्या लेखी मावशीच कर्जदार. फिर्यादी कुणीच नाही, थकबाकीदार मात्र ठरलेला!

आणि काहीच गेलं नाही म्हणता? नातवाच्या शैक्षणिक कर्जाला सहअर्जदार म्हणून सही करायला मावशी बँकेत गेली, तेव्हा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारी पत) खराब आहे असं सांगून तिला परत पाठवलं. तिथेच तिला हे पहिल्यांदा कळलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेली बाई, दुकानदाराची उधारीसुद्धा कधी ठेवली नाही. पुढे वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, तिला आणि तिच्या जुन्या सहकारी शिक्षिकांनाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पण ती सोय मुख्यतः खात्यातून निघालेला पैसा वाटेत अडवण्यासाठी आहे, आमच्याकडे अडवायला पैसाच नव्हता. ‘हे कर्ज माझं नाही’ हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावर, आणि ती जी गोष्ट करायलाच गेली नाही तिचा पुरावा ती आणणार कुठून?

पोलिसांवरच्या ताणाबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला मान्य आहे. कलम ७८ प्रमाणे या कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या खालचा अधिकारी करूच शकत नाही. ठाण्यात निरीक्षक असतात किती? समोर बसलेल्या हवालदारावर माझा राग नाही.

मात्र गुन्हा नोंदवणं वेगळं आणि तपास वेगळा. दखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येतो असा गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. आमच्याकडून तक्रार अर्ज घेतला, पोच दिली, आणि चार महिने तेवढंच. शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज धाडला, तेव्हा गुन्हा दाखल झाला. शिक्षा वाढवा असं मी म्हणतच नाही. मला तो एफआयआरचा कागद पहिल्या दिवशी हवा होता, कारण प्रत्येक कंपनी पहिल्यांदा तोच मागते.

कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या क्रेडिट कंपनीने तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची, नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम चांगलाच आहे. पण ती कंपनी खातरजमा करते कर्ज देणाऱ्याकडेच! अमेरिकेत पीडिताने ओळखचोरीचा अहवाल आणि स्वतःच्या ओळखीचा पुरावा दिला की चार कामकाजाच्या दिवसांत ती नोंद रोखावी लागते. तिथे ज्याचं नाव वापरलं तो पीडित मानला जातो. इथे मावशीला तेवढंसुद्धा कुणी म्हटलं नाही.

दोन कर्जांच्या नोंदी निघाल्या, तिसरी अजून आहे. मंगळवारी तिला पुरवणी जबाबासाठी बोलावलंय. तुमच्या अनुभवातून सांगाल का, जबाबात वसुलीच्या फोनची हकिकत घालावी की त्यासाठी वेगळी तक्रार द्यावी? मंगळवारच्या आत कळवलंत तर फार मदत होईल.