नंबर तेवढा सोडून

ग्वाल्हेरात जुन्या मराठी घराच्या माळ्यावर दोन वस्तू हमखास निघतात: एक गंजकी तलवार आणि एक 'विमानाचा पार्ट'. तलवारीबद्दल मला कुणी विचारत नाही. जुन्या विमानांचे भाग ओळखायचा मला नाद, त्यामुळे पार्टचा फोटो मात्र येतोच. महाराजपुऱ्याचा हवाई तळ शेजारी, १९८५पासून डोक्यावर मिराज. त्यामुळे घरात सापडलेला धातूचा कुठलाही तुकडा वरूनच पडला, अशी सगळ्यांची खात्री. मिराजचं नाव निघालं की मी हात जोडतो. ती विमानं अजून उडताहेत. खरंच त्यातलं काही असेल तर मला नको, ठाण्यात दाखवा.

वस्तू उलटी करा, नंबर दिसू द्या, हे सांगून घसा बसला. स्पिटफायर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान; त्याच्या भागावर ३००, ३४९ किंवा ३६१ने सुरू होणारा आकडा असला, तर तो भाग मूळ मार्क १, ५ की ९ या आवृत्तीसाठी आखला होता ते कळतं. आतून फिरोजी रंग असेल तर रशियन कॉकपिट, मिग वगैरे. पण येतो तो दर्शनी बाजूचा फोटो, उजेडाकडे तोंड करून काढलेला, नंबरावर अंगठा. प्रोपेलर म्हणून कूलरचं पातंही येऊन गेलंय. लाकूड मात्र कुणी पाठवत नाही. वास्तविक व्हॅम्पायर या जुन्या जेट विमानाचं पुढचं धड प्लायवूड आणि बाल्साचंच होतं. ते बहुधा बंबात गेलं.

परवा दालबाजारातल्या बाळदादाचा फोटो आला. काळी गोल तबकडी, काटा. केवढी आहे ते कळेना. म्हटलं, दादा, मापाला शेजारी काहीतरी ठेव. त्याने कचोरी ठेवली. आमच्याकडे कचोरीचं माप दुकानागणिक बदलतं.

"मागे शिक्का असेल बघ."

"होता रे. वहिनीने तारेच्या घासणीने लख्ख केलं."

उरलं होतं ते एवढंच: मुकुट, खाली ए.एम. आणि ६ए. म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्रीच्या भांडारातला उपकरणांचा विभाग. भांडाराच्या या नंबरावरून कुठल्या फळीवर होतं ते कळतं, कुठल्या विमानात होतं ते नाही. तबकडीवर बूस्ट लिहिलेलं. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारं गेज. स्पिटफायरमध्ये असायचं, हरिकेनमध्ये असायचं, लँकॅस्टरमध्ये तर चार इंजिनांची चार.

"म्हणजे स्पिटफायरचं."

"असंच काही नाही, दादा."

"पण नाहीच, असंही नाही ना?"

"नाही, तसंही म्हणता येत नाही."

संध्याकाळी घराण्याच्या ग्रुपवर फोटो झळकला. खाली ओळ: 'स्पिटफायर. तज्ज्ञांनी नाकारलेलं नाही.' सत्तावीस जणांनी हात जोडले, आणि एका आत्याने विचारलं, कचोरी कुठली?