‘सोपं आहे’ म्हणून नवख्याचं भलं होत नाही

सॉफ्टवेअरमधल्या नवख्यांना मदत करणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘काहीही विचारलं तरी सोपं आहे म्हणा. अवघड म्हटलंत की माणूस घाबरून सोडून देईल.’ हेतू चांगला आहे, पण सल्ला नुकसान करणारा आहे. त्याच्या बाजूने सांगितले जाणारे मुद्दे एकेक करून पाहू.

‘अवघड म्हटलं की सोडून देतात.’ सोडायची वेळ येते ती पहिल्या एररवर, आणि नेमका तिथेच ‘सोपं’ हा शब्द उलटतो. सोपं कामही जमेना, म्हणजे खोट आपल्यातच आहे, असं शिकणारा धरून चालतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचंच घ्या. विंडोजच्या पारंपरिक इन्स्टॉलरमध्ये पायथन पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) जोडण्याची चौकट मुळात रिकामी असते. ती राहून गेली तरी इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडतं, पण टर्मिनलला (कमांड टाइप करायच्या खिडकीला) पायथन सापडत नाही. पुढे मशीनवर दोन पायथन झाले, की पिप (पायथनसाठी पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, बसवणारा प्रोग्राम) एकात पॅकेज टाकतो आणि प्रोग्राम दुसऱ्यावर चालतो. मग पॅकेज टाकूनही ‘मॉड्यूल नॉट फाउंड’. यावर उपाय म्हणजे नुसता पिप न वापरता प्रोग्राम ज्या पायथनवर चालतो त्यालाच ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ सांगायचं. डेबियन 12 या लिनक्सवर तर सिस्टिमच्या पायथनमध्ये पॅकेज टाकायला पिप सरळ नकार देतो. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजसाठी वेगळी जागा, बनवावी लागते. यातलं काहीही शिकणाऱ्याच्या अकलेशी संबंधित नाही. ते आधी सांगणं आपलं काम आहे.

‘कमांड तर एकच आहे.’ कमांडच्या लांबीवरून अवघडपणा मोजता येत नाही. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधलं ‘रिसेट --हार्ड’ (फाइली नोंदलेल्या स्थितीवर परत नेणारी कमांड) टाइप करायला चार सेकंद लागतात. पण ज्या बदलांचं ना कमिट (गिटमध्ये नोंद) झालं ना ॲड (नोंदीसाठी निवड), ते गिट परत देऊ शकत नाही. रेफलॉगही (गिटची अंतर्गत नोंदवही) उपयोगाचा नाही, कारण त्यात कमिटचाच माग असतो. म्हणून ही कमांड देण्याआधी ‘गिट स्टेटस’ पाहायला सांगा, आणि बदल हवे असतील तर ते तात्पुरते बाजूला ठेवणारं ‘गिट स्टॅश’. नव्याने तयार केलेल्या, गिटला अजून माहीत नसलेल्या फाइली साध्या स्टॅशमध्ये जात नाहीत, हेही त्याच उत्तरात लिहा.

‘अडलं तर विचारतीलच.’ बहुतेक जण विचारत नाहीत. सोप्या म्हटलेल्या गोष्टीत अडलो हे कबूल करायला संकोच वाटतो, मग दिसेल ती कमांड चालवून पाहिली जाते. परमिशनच्या एररवर होम फोल्डरला सरसकट 777 (सर्वांना सगळी परवानगी) लावणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. मूळ एरर कदाचित जातो, पण एसएसएचची (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या प्रोग्रामची) खाजगी की सर्वांना उघडी झाल्यामुळे एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. की-फाइलला पुन्हा 600 (फक्त मालकाला वाचण्या-लिहिण्याची परवानगी) लावावं लागतं. आता निस्तरायच्या अडचणी दोन झाल्या.

‘आधीच अडचणी सांगितल्या तर गोंधळ वाढतो.’ हे अर्धं खरं आहे. सगळ्या शक्यता एकदम ओतल्या, किंवा नुसतं ‘अवघड आहे’ म्हणून सोडलं, तर गोंधळ वाढतोच. तीन गोष्टी पुरतात: काय गमावलं जाऊ शकतं, बहुधा कुठे अडेल, आणि कुठे थांबायचं. विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकणाऱ्याला असं लिहिता येईल:

‘पहिल्यांदा करताना अख्खी दुपार हाताशी ठेवा. आधी फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बूटच्या सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं. इन्स्टॉलर ज्या पेनड्राइव्हवर लिहाल त्यावरचं सगळं पुसलं जाईल. पार्टिशन (डिस्कचा भाग) निवडण्याच्या पडद्यावर बहुतेक जण अडतात. तिथे कोणत्या डिस्कवर काय आहे हे ओळखता आलं नाही, तर पुढे जाऊ नका. पडद्याचा फोटो काढून पाठवा. तोवर डिस्कवर काहीही बदललेलं नसेल.’