श्वास घ्या, स्वल्पविराम नको

इंग्रजी कॉम्पोझिशनच्या उजळणीत पहिला मान ॲरिस्टॉटलचा. ईथॉस, पेथॉस, लॉगॉस: लिहिणाऱ्याची विश्वासार्हता, वाचणाऱ्याच्या भावना आणि मांडणीतला तर्क. परीक्षेपुरतं हे तासाभरात उरकतं. पण याच ॲरिस्टॉटलनं ‘ऱ्हेटरिक’ या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात हेराक्लायटस या ग्रीक तत्त्वज्ञाबद्दल तक्रार केली आहे, की त्याच्या वाक्यातला शब्द मागच्याला जोडायचा की पुढच्याला तेच कळत नाही. म्हणजे विरामचिन्हांचा छळ तेव्हाही होताच.

या छळाचं मूळ एका सल्ल्यात आहे: ‘श्वास घ्यावासा वाटेल तिथे स्वल्पविराम द्या.’ मग दमेकऱ्यानं दर तीन शब्दांना द्यायचा आणि पाणबुड्यानं पानाच्या शेवटी एकच? इंग्रजी स्वल्पविराम फुप्फुसावर नाही, वाक्याच्या बांधणीवर चालतो. त्याच्या दोन्ही बाजू आलटून पालटून हातानं झाका. दोन्हीकडे स्वतंत्र कर्ता आणि क्रियापद असून दोन्ही तुकडे एकटे उभे राहत असतील, तर नुसत्या स्वल्पविरामाला तो भार पेलत नाही. यालाच कॉमा स्प्लाइस म्हणतात. तिथे पूर्णविराम द्या, अर्धविराम द्या, स्वल्पविरामानंतर ॲन्ड, बट, सो यांपैकी एखादं अव्यय घाला, किंवा बिकॉज लावून एका तुकड्याला गौण करा. ‘हाउएव्हर’ त्या अव्ययांच्या पंगतीत बसत नाही. ते दिसायला भारदस्त, पण दोन वाक्यं जोडायला सांगितली की त्याच्या आधी अर्धविराम लागतोच.

आणि यादीतल्या शेवटच्या ‘ऑर’आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, यावर हसणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या मेन राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात नेमका तोच नव्हता. ओव्हरटाइमच्या हक्कातून वगळलंय ते ‘वितरणासाठीचं पॅकिंग’ की पॅकिंग आणि वितरण दोन्ही? दूध पोचवणारे ड्रायव्हर कोर्टात गेले, 2017 मध्ये अपिलात त्यांची बाजू उचलून धरली गेली आणि पुढच्या वर्षी 50 लाख डॉलरला तडजोड झाली. मी तरी तेव्हापासून तो स्वल्पविराम देऊनच टाकावा या मताचा आहे.

अपॉस्ट्रॉफीचं फार कौतुक नको. ‘इट्स’च्या जागी ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून पाहा; बसलं तर चिन्ह द्या, नाहीतर नाही. लोंबकळणारं विशेषण, म्हणजे डँगलिंग मॉडिफायर, जास्त मजेशीर. ‘वॉकिंग टू द स्टेशन, द रेन स्टार्टेड’ या वाक्यात स्टेशनकडे चालत निघालाय पाऊस. सुरुवातीच्या तुकड्यातली क्रिया जो करतो, त्यालाच स्वल्पविरामानंतर कर्ता करा, की पाऊस आपल्या जागी जातो.

तपासताना क्रम उलटा करू नये. आधी मुद्दे, मग व्याकरण, शेवटी विरामचिन्हं. नाहीतर अर्धा तास खपून सजवलेला परिच्छेदच पुढे कापावा लागतो. शेवटची फेरी शेवटच्या वाक्याकडून पहिल्याकडे वाचत घ्या. अर्थाचा ओघ तुटतो, त्यामुळे डोळा चुका गिळत नाही. मात्र उलटा वाचूनही निबंध तितकाच पटत असेल, तर विरामचिन्हं राहू द्या आणि परिच्छेदांचा क्रम नव्याने लावायला बसा.