स्वीडनची पुस्तके आणि बालभारतीचा क्यूआर कोड

स्वीडनने शाळांतून टॅब्लेट हद्दपार करून मुलांच्या हाती पुन्हा पुस्तके दिली, मग आपण जिल्हा परिषदेच्या शाळांत स्मार्ट टीव्ही कशाला बसवतो आहोत, असा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी आणि शिक्षक मित्रांनी मला वारंवार विचारला आहे. माझी मुलगी स्टॉकहोमजवळच्या एका शाळेत पाचवीत शिकते, तेव्हा उत्तर मी द्यावे ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र प्रश्नातले पहिले विधान अर्धेच खरे आहे.

टॅब्लेट हद्दपार झालेले नाहीत. २०२३ मध्ये येथील सरकारने बालवाड्यांवरील डिजिटल साधनांची सक्ती उठवण्याचे ठरवले आणि छापील पुस्तकांसाठी त्या वर्षापुरते ६८.५ कोटी क्रोनर मंजूर केले. चौथीच्या मुलांचे वाचन तपासणाऱ्या ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्वीडनचे गुण २०१६ मधील ५५५ वरून २०२१ मध्ये ५४४ वर घसरले होते. घसरण पडद्यांमुळेच झाली असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण मधल्या काळात महासाथही येऊन गेली. पण येथील पालकांना जे जाणवत होते, त्याला या आकड्यांनी वाचा फोडली.

मुलगी तिसरीत असताना काही विषयांना पुस्तकच नव्हते. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी “बाबा, मी वाचू कुठून?” असे तिने विचारले, तेव्हा शिक्षिकेने पाठवलेले तीन दुवे, दोन छायाप्रती आणि एक चित्रफीत यांतून धडा जुळवता जुळवता मीच थकलो. आता तिच्याकडे विज्ञानाचे पुस्तक आहे. एखादी गोष्ट आठवेनाशी झाली की “ते डाव्या पानावर खाली होते” म्हणत ती मागे जाते आणि नेमकी तिथेच पोहोचते. निबंध ती अजूनही लॅपटॉपवर लिहिते, कारण शिक्षिकेच्या सूचनेनंतर परिच्छेद हलवून पुन्हा लिहिणे तिथे सोपे जाते, आणि ते योग्यच आहे. स्वीडनची चूक यंत्र आणण्यात नव्हती. यंत्र आले म्हणून पुस्तक नसले तरी चालेल असे मानण्यात ती होती.

महाराष्ट्राने ही चूक केलेली नाही, याची आपल्याकडच्या वादात फारशी दखल घेतली जात नाही. स्वीडनमध्ये बालभारतीसारखी संस्था नाही. आपल्याकडे ती १९६७ पासून आहे आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना पुस्तके मोफत मिळतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि पुढे ती पद्धत राज्यभराच्या पुस्तकांत आली. तिथेही मूळ पुस्तक जागेवर राहिले.

माझ्या वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. गेल्या जुलैत त्यांच्या सातवीच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसलो होतो. चंद्राच्या कला शिकवताना त्यांनी आधी चेंडू आणि बॅटरी वापरली, मग दोन मिनिटांची चित्रफीत लावली आणि ती तीनदा थांबवली. दर वेळी “आता आपल्याला पृथ्वीवरून काय दिसेल? वहीत काढा,” असे सांगून सगळ्यांचे काढून झाल्याशिवाय त्यांनी पुढचे चित्र दाखवले नाही. निम्म्या वर्गाने अष्टमीचा चंद्र उलट्या बाजूने उजळला होता. पुढचे चित्र पाहून मुलांनी तो आपणहून खोडला. फळ्यावर हलती गोष्ट स्थिर काढावी लागते, म्हणून पडद्याची ती दोन मिनिटे सार्थकी लागली. त्यानंतर टीव्हीवर पुन्हा कापड पडले.

माझा आक्षेप संध्याकाळी जे पाहिले त्याला आहे. गावातल्या दुसऱ्या एका शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. शेजारच्या मुलाच्या घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर शेतावर, म्हणून तो रात्री आठला माझ्या पुतण्याच्या वहीवरून प्रश्न उतरवून घेत होता. आणि पुतण्या स्वतःचे प्रश्न उतरवून झाल्यावर तासभर आपल्या घरच्या फोनवरच होता. ग्रामीण भारताच्या ‘असर २०२४’ पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात स्मार्टफोन अभ्यासासाठी वापरल्याचे सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवते. गाव एवढी धडपड करत असताना शाळांनीच मुलांना फोनकडे पाठवावे, हे मला अजिबात पटत नाही.

शाळांच्या जबाबदारीची दुसरी बाजू मुलांच्या खासगी माहितीची आहे. स्वीडनमध्ये सरकारी शाळेत कोणते ॲप वापरायचे हे एकट्या शिक्षकावर सोडलेले नसते. मुलांच्या माहितीची जबाबदारी शाळा चालवणाऱ्या नगरपालिकेवर असते. आपल्याकडेही वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाला आहे, पण मुलांची नावे, जन्मतारखा आणि छायाचित्रे फुकटच्या ॲपवर चढवण्याचे काम आजही एखाद्या उत्साही शिक्षकाच्या हातून होते, आणि त्याला सावध करणारे कोणी नसते.

म्हणून विचारणाऱ्यांना मी सांगतो की टीव्ही काढू नका, गृहपाठ तेवढा फोनवरून काढा. वहिनी तो शाळा सुटण्याआधी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहितात आणि मुले वहीत उतरवून घेतात. पालकांच्या गटावर त्या फक्त सुट्टीची आणि सभेची सूचना टाकतात.