नवीन मेट्रोमध्ये मोठा मॅप नको, खरा अंधार द्या

मेट्रोचा पुढचा गेम येणार म्हटल्यापासून आमच्या सांगली-मिरजेच्या पोरांच्यात एकच चर्चा चाललीय, मॅप केवढा असणार, एक्सोडसपेक्षा मोठा असणार का, गाडी किती चालवायला मिळणार, को-ऑप, म्हणजे दोस्ताबरोबर मिळून खेळायची सोय, असणार का. नाव आणि तारखेवरून तर रोज नवीन अंदाज. मी त्या सगळ्यात पडत नाही. मला या गेमकडून एकच गोष्ट पाहिजे आणि ती आज सविस्तर लिहितोय, कारण दोन-चार ओळीत ती नीट सांगता येत नाही. मला खरा अंधार पाहिजे. टॉर्च बंद केला की स्वतःचा हात दिसत नाही, आणि चालू केला की झोत ज्या भिंतीवर पडतो त्या भिंतीचा रंग समोरच्या खांबावर उतरतो, असला अंधार.

ज्यांनी मेट्रो खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अणुयुद्ध झालंय, वरची हवा विषारी, आणि उरलेली माणसं मॉस्कोच्या मेट्रो स्टेशनांमध्ये खाली राहतात. दिमित्री ग्लुखोव्स्कीच्या कादंबरीवरून पहिला गेम मार्च २०१० मध्ये आला, मग २०१३ ला लास्ट लाइट, मग फेब्रुवारी २०१९ ला एक्सोडस. बनवणारी कंपनी फोर-ए गेम्स. ही मंडळी मूळची कीवची, स्टॉकर हा गेम बनवणाऱ्या जीएससी कंपनीमधून बाहेर पडलेली, आणि त्यातला ओलेस शिश्कोव्त्सोव हा माणूस तर असा आहे की स्टॉकर बाजारात यायच्या आधीच, २००५ साली, त्यातल्या डिफर्ड शेडिंगवर, म्हणजे उजेड काढायच्या एका पद्धतीवर, त्यानं ‘जीपीयू जेम्स’ या ग्राफिक्स प्रोग्रामिंगच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात अख्खं प्रकरण लिहिलं होतं. म्हणजे उजेड कसा काढायचा या एका गोष्टीच्या मागं हे लोक वीस वर्षं लागलेत. म्हणून माझी अपेक्षा जास्त आहे, दुसऱ्या कुणाकडून मी हे मागितलंच नसतं.

आता तांत्रिक भाग. जुन्या पद्धतीत गेममधला उजेड बराचसा आधीच भाजून ठेवलेला असतो. आर्टिस्ट खोलीत दिवे लावतो, ते उजेडाचं गणित आधीच करून टेक्स्चरमध्ये, म्हणजे भिंती-वस्तूंवर चढवायच्या चित्रात, साठवलं जातं, आणि जिथं उजेड पोचत नाही तिथं सगळं अगदीच काळं होऊ नये म्हणून सगळीकडं थोडा खोटा उजेड टाकतात. त्यामुळं बघा, खिडकी नसलेल्या बंद खोलीतसुद्धा टेबलाच्या खालचा भाग करडा दिसतो. तो उजेड कुठून आला याला उत्तरच नाही. एक्सोडस २०१९ ला आला तेव्हा त्यात रे ट्रेसिंग, म्हणजे उजेडाचे किरण कुठं आपटतात ते खेळतानाच मोजायची पद्धत, होतं पण ते मुख्यतः सूर्य आणि आभाळाच्या उजेडापुरतं. नंतर टू कर्नल्स या डीएलसीमध्ये, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या भागात, त्यांनी चमकणाऱ्या वस्तूंचा उजेडसुद्धा खोलीत पसरवून दाखवला. आणि मे २०२१ मध्ये पीसीवर एनहान्स्ड एडिशन आली, त्यात जुनी लायटिंगची पद्धतच काढून टाकली, सगळा उजेड किरणांवर, परत परत आपटत जाणारा. रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसेल तर गेम सुरूच होत नाही. मोठ्या गेमांमध्ये असं करायचं धाडस बाकीच्यांनी कधी केलं, तर इंडियाना जोन्स डिसेंबर २०२४ ला आणि डूम द डार्क एजेस मे २०२५ ला. फोर-ए साडेतीन वर्षं पुढं होते, आणि तेसुद्धा स्वतःच्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर. आणि तोच गेम जून २०२१ ला पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सवर रे ट्रेसिंगसकट सेकंदाला साठ फ्रेमला पळवला त्यांनी, ही गोष्ट लोक विसरतात पण माझ्या मते ती पीसीच्या व्हर्जनपेक्षा जास्त अवघड होती.

पण एनहान्स्डमध्ये एक अडचण होती, ती म्हणजे गेम जुन्या लायटिंगसाठी बनवलेला होता आणि नवीन उजेड त्यावर नंतर चढवला. लेव्हल कुणी बांधली, दिवा कुठं ठेवला, शत्रू कुठं उभा केला, हे सगळं आधीच ठरलेलं. पुढचा मेट्रो हा त्यांचा पहिला गेम असेल जो कागदावरच खऱ्या उजेडासाठी काढला जाईल, निदान मला तरी तसं वाटतं, कारण त्यांनी २०२० मध्येच सांगितलं होतं की पुढच्या पिढीसाठी इंजिन रे ट्रेसिंग डोळ्यासमोर ठेवून बदलतोय. मग यातून खेळायला काय नवीन मिळू शकतं?

पहिलं म्हणजे लपणं. मेट्रोमध्ये मनगटावर घड्याळ असतं, त्याच्यावर एक छोटा दिवा, आपण उजेडात असलो की तो पेटतो आणि कळतं की आता दिसतोय आपण. हे मला सगळ्या शूटर गेममधलं सगळ्यात सुंदर डिझाइन वाटतं, स्क्रीनवर कुठला बार नाही, आकडा नाही, मनगट वर करायचं आणि बघायचं. आता माझा अंदाज असा, की आत्तापर्यंत हे साध्या हिशोबावर चालत असणार, जवळ कुठला दिवा आहे आणि मधे भिंत आहे का. पण समजा खेळाडूच्या जागी प्रत्यक्ष किती उजेड येतोय, आपटून आलेला धरून, तो मोजला तर? मग पांढऱ्या टाइल्सच्या स्टेशनमध्ये खांबामागं लपूनसुद्धा उपयोग नाही, कारण टाइल्सवरून उजेड फिरून तुमच्यापर्यंत येणार. आणि काजळी धरलेल्या बोगद्यात दिव्यापासून दहा पावलांवरसुद्धा तुम्ही सुरक्षित. दिवा फोडायचा की विझवायचा, दार उघडं ठेवायचं की लावायचं, या प्रत्येक गोष्टीला किंमत येईल. गणित तर ग्राफिक्स कार्ड करतच आहे चित्र काढायला, तोच आकडा शत्रूच्या डोळ्याला द्यायचा. हे जर त्यांनी केलं नाही तर मला खरंच वाईट वाटेल, कारण इतकं जवळ येऊन सोडून दिल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट, आणि ही अवघड आहे, गोंगाट, म्हणजे आवाज नव्हे, चित्रातले दाणे. रे ट्रेसिंगमध्ये एका पिक्सेलमागं मोजके किरण सोडतात, त्यातून जे चित्र येतं ते दाणेदार असतं, मग डीनॉयझर मागच्या फ्रेमांची मदत घेऊन ते गुळगुळीत करतो. उन्हात हे छान चालतं. अंधारात बोंब. अंधारात बहुतेक किरण हात हलवत परत येतात, उजेड सापडतो तो एखाद्यालाच, त्यामुळं दाणे जास्त, आणि त्यात मेट्रोचा उजेड म्हणजे हलता टॉर्च, लुकलुकणारा दिवा, लायटर, शेकोटी. जुन्या फ्रेमांवर भरवसा ठेवला की टॉर्च बंद केल्यावर सुद्धा भिंतीवर क्षणभर उजेडाचा डाग रेंगाळतो. ज्यांचं लक्ष नसतं त्यांना कळत नाही पण माझं तिकडंच लक्ष जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियानं रे रिकन्स्ट्रक्शन आणलं, त्यात एआय मॉडेल डीनॉयझरचं काम करतं, सायबरपंक गेमच्या पाथ ट्रेसिंगमध्ये, म्हणजे सगळाच उजेड किरणांवर काढायच्या जड मोडमध्ये, त्याचा फरक दिसतो. मला वाटतं पुढच्या मेट्रोत ते असणारच, आणि वरच्या कार्डांसाठी पूर्ण पाथ ट्रेसिंगचा पर्यायसुद्धा. पण एएमडीचं कार्ड असणाऱ्यांना आणि कन्सोलवाल्यांनाही तोच अंधार मिळाला पाहिजे, त्यासाठी स्वतःचा डीनॉयझर चांगला लागेल.

अंधाराबरोबर हवा. इथं मला आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवतात. जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद केलेली, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची कारण ताजी हवा पोचायची नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, हवा खेळू द्यायचे, कंदील खाली सोडून बघायचे, विझला तर थांबायचं. मेट्रोत गॅस मास्क आहे, फिल्टर किती वेळ टिकणार ते घड्याळावर दिसतं, काचेवर रक्त-चिखल उडाला की हातानं पुसायची, हे सगळं आहेच, आणि खिशात लायटर पण आहे, त्यानं कोळ्याची जाळी जाळायची, कंदील पेटवायचे. मग त्याच लायटरच्या ज्योतीवरून हवा का ओळखू नये? बोगद्यात पुढं जाताना ज्योत बारीक होत गेली की समजायचं, मास्क चढवायची वेळ झाली. आणि ज्योत बारीक झाली की उजेडही कमी, म्हणजे हवा आणि अंधार एकाच वस्तूत येतात. रेंजर हार्डकोअर या सगळ्यात अवघड मोडमध्ये, जिथं स्क्रीनवर काहीच दाखवत नाहीत, तिथं तर हे इतकं शोभेल की बास.

आता मॅपचं. एक्सोडसमध्ये व्होल्गा आणि कॅस्पियन हे दोन मोठे मोकळे भाग होते. व्होल्गा मला आवडला, ऑरोरा आगगाडी, बर्फ, चर्च, सगळं. कॅस्पियनच्या वाळवंटात मात्र मेट्रो कुठं हरवला ते कळेना, गाडी घ्या, चिन्हाकडं जा, परत या. आणि मग शेवटी नोवोसिबिर्स्कला परत खाली मेट्रोत उतरलो, तिथं रेडिएशन, तिथली ती गप्प स्टेशनं, आणि मधला यामांताऊचा बंकर, हे भाग लोकांना अजून आठवतात. बंद जागा होत्या त्या सगळ्या! स्टॉकर टू नोव्हेंबर २०२४ ला आला, मोठा अखंड मॅप, अनरियल फाइव्ह इंजिन, मला तो गेम मनापासून आवडतो आणि युद्ध चालू असताना तो पूर्ण केल्याबद्दल जीएससीला सलाम, पण आला तेव्हा झटके देत होता, आणि ए-लाइफ, म्हणजे आपण नसतानाही जग आपोआप चालू राहायची जी गोष्ट, ती सुरुवातीला नीट चालतच नव्हती, नंतर पॅच देत देत सुधारली. मोठ्या मॅपची किंमत असते, आणि ती कुठल्या तरी दुसऱ्या गोष्टीतून वसूल होते. फोर-एनं मोठा मॅप केला तर ती किंमत उजेडातून जाणार. किरण कुठं आपटला हे शोधायला कार्डाच्या मेमरीत अख्ख्या आजूबाजूची वेगळी रचना ठेवावी लागते, जेवढं मोकळं तेवढी ती मोठी. बोगदा असेल तर आजूबाजू म्हणजे चार भिंती. मेट्रोची जागाच रे ट्रेसिंगला सोयीची आहे, मग बाहेर पळायचं कशाला?

मेमरीचं नाव काढलंच आहे तर. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या लॅपटॉपला चार जीबीचं १६५० ग्राफिक्स कार्ड, त्यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअरच नाही. परवा फोनवर विचारतो, "मामा, माझ्यावर चालंल का नवीन मेट्रो?" मी सरळ सांगितलं, नाही चालणार रे. त्याला वाईट वाटलं आणि मलाही, कारण आपल्याकडं किती पोरं अशाच लॅपटॉपवर आहेत, घरच्यांनी पै-पै जमवून घेऊन दिलेला असतो. पण तरीसुद्धा मी म्हणेन की जुन्या कार्डांसाठी खोट्या उजेडाचा दुसरा सेट ठेवू नका. दोन्ही ठेवले की लेव्हल परत दोन्हीकडं चालेल अशी बनवावी लागते आणि मग लपायचं ते सगळं गणित गेलं. त्यापेक्षा खालची मर्यादा आठ जीबीच्या रे ट्रेसिंग कार्डावर नीट सांभाळा, ३०५०, ४०६० यांच्यावर कमी रिझोल्यूशनला डीएलएसएस किंवा एफएसआर (छोटं चित्र मोठं करून दाखवायच्या सोयी) लावून का होईना पण स्थिर फ्रेमरेट द्या. टेक्स्चर कमी असलं तर चालतं, अंधारात टेक्स्चर बघतंय कोण. फ्रेम जनरेशनवर, म्हणजे दोन फ्रेमांच्या मधे बनवून घातलेल्या फ्रेमवर, भिस्त ठेवून मात्र खालची मर्यादा ठरवू नका, तीस फ्रेमचे साठ केले की आकडा वाढतो, बंदूक जड ती जडच लागते.

आणि मुख्य गोष्ट जी मी शेवटाकडं ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा कीवचे लोक खरोखर मेट्रो स्टेशनात जाऊन राहिले. गाद्या, लहान पोरं, मांजरं घेऊन. कीवचं आर्सेनाल्ना स्टेशन जमिनीखाली १०५ मीटरवर आहे, जगातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. खारकीवमध्ये तर पुढं मेट्रो स्टेशनात मुलांचे वर्ग भरले. फोर-एचं मुख्य ऑफिस २०१४ पासून माल्टात असलं तरी कीवमध्ये त्यांची माणसं होती, आणि कंपनीनं जाहीरपणे सांगितलंय की युद्धामुळं पुढच्या गेमची गोष्ट बदलली, जास्त काळी झाली. ग्लुखोव्स्कीनं युद्धाला विरोध केला म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये मॉस्कोच्या कोर्टानं त्याच्या गैरहजेरीत त्याला आठ वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यामुळं अंधाराबद्दल मी जे मागतोय ते फक्त ग्राफिक्सचं नाही. वीज गेल्यावर जमिनीखाली माणसं एका बॅटरीच्या उजेडात कशी बसतात, कोण कुणाच्या तोंडावर उजेड मारत नाही, पोराला झोप लागावी म्हणून दिवा कुठं लपवतात, हे त्यांच्यातल्या काहींनी तरी जवळून बघितलं असणार. हे गेममधल्या स्टेशनांत दिसलं तर दुसऱ्या कुठल्याही ट्रेलरची मला गरज नाही.

बाकीच्या मागण्या छोट्या. एक्सोडसमध्ये काढून टाकलेलं गोळ्यांचं चलन परत आणा, चांगली मिलिटरी गोळी खर्च करायची की शत्रूवर झाडायची हा विचार करताना जो घाम फुटायचा तो क्राफ्टिंगमध्ये, म्हणजे भंगार गोळा करून वस्तू बनवण्यात, नाही. नायक कुणीही असू दे, पण समोरचा जीव तोडून बोलत असताना त्यानं दोन शब्द तरी बोलावेत, एक्सोडसमध्ये बायको विचारतेय आणि आर्त्योम गप्प, ते खटकायचं. मल्टिप्लेअर करायचंच तर वेगळा गेम करा.

ज्यांच्याकडं आठ जीबीचं रे ट्रेसिंग कार्ड आहे त्यांनी एक करा, एनहान्स्ड एडिशन टाका, यामांताऊच्या बंकरमध्ये जा, टॉर्च चालू-बंद करून बघा आणि भिंतीवर उजेडाचा डाग किती वेळ राहतो, मेमरी किती भरते, फ्रेम किती येतात ते कार्डाच्या नावासकट खाली लिहा. डीएलएसएस कुठल्या मोडला आहे तेही सांगा. विश्रामबाग, कुपवाडकडच्या कुणाला कार्ड बदलून बघायचं असेल तर रविवारी माझ्याकडं या, माझा पीसी उघडाच असतो.