आखाजीची रात्र, लडाखचं लाल आभाळ आणि आमचा सपाट भाचा

माझं चाळीसगाव तालुक्यात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या कॉइल पुन्हा गुंडाळून द्यायचं, दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, आणि लग्नसराईत डीजेवाल्यांचे फुटलेले स्पीकर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे चुंबकाचा विषय निघणार आहे आणि त्यात माझा हात बसलेला आहे. बाकी खगोलशास्त्रातलं माझं शिक्षण शून्य.

२०२४ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० मे रोजी होती. भाचा सुरतेहून आला होता. दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, रात्री ओट्यावर पत्ते, मग गच्चीवर झोप. आम्ही घोरत होतो त्याच रात्री सूर्याकडून आलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं, २००३ नंतरचं सगळ्यात मोठं. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेवरून उत्तरेचं आभाळ लाल झालेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी ते फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. मी कौतुकानं भाच्याला दाखवले, तर पठ्ठ्या म्हणतो, "मामा, हाई समदं खोटं शे. धरती सपाट शे."

मला वाटलं, आमरस चढला. पण नाही. दोन वर्षांपासून तो कुठल्याशा ग्रुपात होता आणि त्याचं सगळं पाठ होतं. पृथ्वी म्हणजे ताट. मधोमध उत्तर ध्रुव, ताटाची कड म्हणजे अंटार्क्टिकाची बर्फाची भिंत, वरून काचेच्या झाकणासारखा घुमट. सूर्य लहानसा, चार-पाच हजार किलोमीटरवर, ताटावर गोल गोल फिरणारा.

मी त्याला झिडकारलं नाही. (बायको म्हणते, झिडकारायला हवं होतं.) विचारलं, मग हे लाल आभाळ कशानं? त्याच्याकडे एक सोडून तीन उत्तरं होती. पहिलं, सूर्याचा उजेड बर्फावरून उसळून घुमटावर पडतो. यात नवीन काही नाही, बर्फ दिवसाचा उजेड साठवतं आणि रात्री सोडतं असा तर्क सात-आठशे वर्षांपूर्वी नॉर्वेतही लढवला जात होता. दुसरं, घुमटच विजेनं चमकतो. ही दोन मी सोडून दिली. तिसऱ्याला मात्र मी मनातून दाद दिली.

तो म्हणाला, पृथ्वी स्पीकरच्या चुंबकासारखी आहे. मधल्या खुंटाला एक ध्रुव, बाहेरच्या कडेला दुसरा.

स्पीकर उघडून पाहिलेल्या माणसाला हे पटकन पटतं. तिथे खरंच तसंच असतं, आणि त्या दोहोंमधल्या फटीतच कॉइल नाचते. होकायंत्राची सुई मध्याकडे तोंड करील, हेही जुळतं. अरोरा, म्हणजे आभाळातला हा रंगीत उजेड, चुंबकाच्या ध्रुवाभोवती कड्यासारखा दिसतो, तर मधल्या खुंटाभोवती एक कडं, झालं उत्तर! ताटाच्या मध्यापुरतं बघितलं तर भाचा पास.

अडचण कडेची आहे. अरोरा दक्षिणेलाही होतो. टास्मानिया, न्यूझीलंडच्या लोकांना त्याच १० मेच्या वादळात तो दिसला. गोल पृथ्वीवर ६५ अंश उत्तर आणि ६५ अंश दक्षिण ही दोन्ही वर्तुळं सारख्याच घेराची, साधारण १७ हजार किलोमीटर. ताटावर मात्र उत्तरेचं तेवढंच राहतं आणि दक्षिणेचं ताणून १ लाख किलोमीटरच्या वर जातं. मी हे त्याला पुरणपोळीचं खापर आणि खडू घेऊन काढून दाखवलं. आता स्पीकरवाल्याच्या नजरेनं विचार करा. मधल्या खुंटातून निघालेलं चुंबकत्व एवढ्या मोठ्या कडेवर पसरलं, तर कडेला त्याचा जोर पातळ व्हायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही ध्रुवांकडे तो जवळपास सारखाच भरतो, साधारण ६० मायक्रोटेस्ला. हे मोजायला उपग्रह लागत नाही, त्यामुळे "नासाचं खोटं शे" ही पळवाटही बंद. मोबाईलमध्येसुद्धा चुंबकत्व मोजायचं सेन्सर असतं, होकायंत्र त्यावरच चालतं.

मग खरा प्रकार काय? टेस्टर सर्वांनी बघितलाय. त्यातल्या नळीत थोडा निऑन वायू असतो, त्यातून वीज वाहिली की तो नारिंगी उजळतो. आभाळातही तेच. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताने पृथ्वीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावतं, आणि त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकरेषा धरून दोन्ही ध्रुवांकडे खाली उतरतात. साधारण १०० किलोमीटरच्या वर ते ऑक्सिजनवर आदळले की हिरवा उजेड, २०० किलोमीटरच्या वर गेलात तर तोच ऑक्सिजन लाल. नायट्रोजनचा निळा-जांभळा वेगळा. नॉर्वेच्या क्रिस्टियान बर्कलंडनं शंभरेक वर्षांपूर्वी एका पोकळ गोळ्यात कॉइल बसवली, हवा काढलेल्या पेटीत ठेवला आणि त्यावर इलेक्ट्रॉन सोडले. गोळ्याच्या दोन्ही टोकांना उजेडाची कडी उमटली. रिवाइंडिंगवाल्याचा फोटो नोटेवर छापावा असं मला नेहमी वाटतं. नॉर्वेनं बर्कलंडचा छापलाही होता, २०० क्रोनरच्या.

आता हानलेचा रंग. तिथे लालच का दिसला, हिरवा कुठे गेला? भुसावळकडे जाताना दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांची टोकं आधी दिसतात, बुडखा दिसत नाही. ते झाडी-घरांमुळे. लडाखच्या उत्तरेला झाडी नाही, डोंगर आहेत, पण १०० किलोमीटर उंचीवरचा उजेड झाकायला हिमालयही पुरत नाही, एव्हरेस्टच ९ किलोमीटरच्या आत आहे. आड आली ती पृथ्वीची पाठ. १०० किलोमीटर उंचीवरची गोष्ट साधारण ११०० किलोमीटरपर्यंत दिसते, ४०० किलोमीटर उंचीवरची २२०० च्या पुढे. म्हणून अरोराचा हिरवा पाय क्षितिजाखाली गेला आणि लाल डोकं तेवढं वर राहिलं. ताटावर पाय बुडायला जागाच नाही.

भाचा यावर म्हणाला, "मामा, तू शाळानं पुस्तक वाचीसन बोली ऱ्हायना." मग एकदम घुमटावर गेला, तिथून बर्फावर. मला राग आला तो इथे. प्रश्न विचारण्याचा नाही. आखाजीला आम्ही पत्ते खेळतो, हुकूम एकदा ठरला की डाव संपेपर्यंत तोच. प्रत्येक हाताला हुकूम बदलणाऱ्याला आमच्या ओट्यावर कुणी बसू देत नाही. उत्तरेला चुंबक, दक्षिणेला घुमट, लडाखला बर्फ, हा कुठला डाव?

आणि हे सगळं आमच्या चाळीसगावात बसून बोलायचं! पाटणादेवी इथून हाकेच्या अंतरावर. तिथला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, १२०७ मध्ये आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. शिलालेखात जुन्या मराठीतलाही मजकूर आहे, पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला म्हणून. म्हणजे आपल्याकडे किराणा घेणारा माणूसही त्या शिक्षणाला हातभार लावत होता. आणि शिकवत काय होते? सिद्धान्तशिरोमणी, ११५० मधला. त्यात भास्कराचार्य विचारतात, पृथ्वी आरशासारखी सपाट असती तर तिच्यावर फिरणारा सूर्य दूर गेला तरी माणसांना सतत का दिसत नाही? मेरू पर्वत आड येऊन रात्र होत असेल, तर तो पर्वत का दिसत नाही? आणि सपाट का वाटते त्याचंही उत्तर देतात, वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा तुकडा सरळच दिसतो, आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीवर माणूस केवढासा. भाच्याचा फिरता सूर्य त्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वीच निकालात काढलाय.

यंदाच्या आखाजीला तो परत येतोय. मी कळवलंय, एक दिवस पत्ते बंद, पाटणादेवीला जायचं. स्पीकरचं चुंबक आणि लोखंडाचा कीसही बरोबर घेतोय. काल त्याचा मेसेज आला, "येसू मामा, पन कन्हेरगड चढाव नही."